१९६९ सालचा हँडलवाला फ्रिज : दाराचं रबर कुठेच मिळत नाही, काय करावं?

घाटावरची

नमस्कार. आईकडे वाईला १९६९ सालचा एका दाराचा फ्रिज आहे. दार चुंबकाने चिकटणारं नाही. बाहेर लांब हँडल आहे, ते ओढलं की आतली कडी सुटते आणि दार लोटलं की ‘खट्’ करून बसते. या दाराभोवतीचं रबर पार गेलंय. खाली वीतभर फाटलंय, वरच्या बाजूला लाकडासारखं कडक झालंय आणि बिजागरीच्या बाजूला बोट फिरवलं तर करडी भुकटी हाताला लागते. असं रबर मला कुठे मिळेल, किंवा त्याच्या जागी दुसरं काय चालेल?

आतापर्यंत केलेलं सांगते. साताऱ्यात दोन दुकानं झाली, पुण्यात तपकीर गल्ली पालथी घातली. सगळीकडे पहिला प्रश्न “मॉडेल कोणतं, किती लिटर?” दारावरचा बिल्ला कधीच पडून गेलाय आणि आतल्या पट्टीवरचा नंबर अर्धा पुसलाय. एका कारागिराने माप घेऊन चुंबकाचं रबर करून दिलं. ते बसवताना त्याने दाराच्या आतल्या बाजूचे सगळे स्क्रू एकदम काढले आणि नवं रबर घालून परत आवळले. वरचा कोपरा चिकटला, खालच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट राहिली. ते काढून जुनंच परत लावून घेतलं. मग मी खिडकीला लावायची फोमची चिकटपट्टी लावली. श्रावणात पंधरा दिवसांत ती पाणी पिऊन काळी पडली, बुरशीचा वास यायला लागला.

आता बर्फाच्या कप्प्याभोवती पिठासारखा भुसभुशीत बर्फ जमतो, दाराच्या बाजूला जास्त. कॉम्प्रेसर थांबतच नाही. सकाळी फ्रिजखाली पाण्याचं थारोळं असतं. इथला मेकॅनिक म्हणतो गॅस गेलाय, शिवाय भंगारात द्या. आईची इन्सुलिन याच फ्रिजमध्ये असते म्हणून जास्त घोर लागलाय.

नवा फ्रिज का घेत नाही, असं कुणीतरी विचारेलच. वडील इथे डॉक्टर होते. आजूबाजूला हळदीची आणि उसाची शेतं, पावसाळ्यात रात्री-अपरात्री कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की माणसं बैलगाडीतून आमच्या ओट्यावर यायची. मुंबईच्या हाफकिन संस्थेची सर्पदंशावरची लस थंड ठेवावी लागे, तेवढ्यासाठी वडिलांनी कर्ज काढून हा फ्रिज घेतला. लस वरच्या फळीवर उजवीकडे. ती जागा आई अजून मोकळी ठेवते. दिवा नसला तरी अंधारात हात थेट तिथे गेला पाहिजे, असा वडिलांचा नियम होता. आईचं वय ८२ आहे. हा फ्रिज तिच्या डोळ्यांदेखत भंगारात जाऊ नये, एवढंच मला करायचंय.

मिरजेचा मिस्त्री

ताई, मी चाळीस वर्षं मिरजेत फ्रिजदुरुस्ती केली. हे हँडलवाले फ्रिज माझ्या उमेदीत पुष्कळ यायचे. तुमचं काम होण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी इन्सुलिन. न उघडलेल्या बाटल्या आजच शेजाऱ्यांच्या चांगल्या फ्रिजमध्ये हलवा. तिला २ ते ८ अंश लागतं, आणि ती गोठली तरीही वाया जाते. तुमच्या फ्रिजमध्ये पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा. नुसता हवेत टांगला तर दार उघडल्याबरोबर आकडा पळतो, पाण्यातला आकडा खरा.

गॅस गेलेला नाही असं मला वाटतं. गॅस कमी झाला की बर्फ कप्प्याच्या एका भागावरच धरतो, बाकीचा पत्रा कोरडा राहतो. तुमच्याकडे सगळीकडे भुसभुशीत बर्फ आणि दाराजवळ जास्त, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरतेय. त्या फ्रिजमध्ये थंडावा देणारा जुना आर-१२ गॅस असणार. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो जगभर बंद होत गेला. पन्नास वर्षं जी बंद नळी सुखरूप राहिली ती रबराच्या दुखण्यासाठी कुणालाही कापू देऊ नका. आणि बर्फ सुरीने खरवडू नका. कप्प्याला भोक पडलं तर मात्र खरंच फ्रिज संपला.

आता रबर. चुंबकाचं रबर आणि तुमचं रबर यांचं काम उलट्या दिशेनं चालतं. चुंबकाचं रबर स्वतः पुढे येऊन पत्र्याला चिकटतं, पण ते पुढे येऊन येऊन किती येणार, थोडेच मिलिमीटर. तुमचं रबर पोकळ नळीसारखं आहे आणि ते दबतं. कडी दाराला आत ओढून धरते, दबलेलं रबर दाराला बाहेर रेटतं, या दोघांच्या ओढाताणीत दार घट्ट बसतं. म्हणून तिथे मॉडेल नंबर काही कामाचा नाही. तुम्हाला हवी आहे फटीची जाडी आणि रबराचा आडवा छेद.

फट मोजायला कणीक घ्या. घट्ट मळा, सुपारीएवढे आठ गोळे करा, प्रत्येकाला पातळ प्लॅस्टिक गुंडाळा. फ्रिजचा प्लग काढा. दाराचं जुनं रबर सोडवून बाजूला घ्या आणि रबर जिथे टेकतं त्या रेषेवर गोळे ठेवा : चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य. दार सावकाश लोटा. कडीने ‘खट्’ म्हटलं की थांबा, त्यापुढे एक सूतही रेटू नका. दार उघडून प्रत्येक गोळा किती चपटा झालाय ते व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापकाने) मोजा आणि कागदावर दाराचं चित्र काढून त्या त्या जागी आकडा लिहा. नवं रबर त्या फटीपेक्षा ३-४ मिलिमीटर उंच हवं. जास्त उंच घेतलंत तर कडी लागणार नाही, कमी घेतलंत तर आहे तीच अवस्था.

रबर सोडवताना सगळे स्क्रू एकदम काढू नका, ही फार मोठी चूक होते. या दारात तेच स्क्रू रबरही धरतात आणि दाराचं आतलं पॅनेलही. दाराचा ताठपणा त्या पॅनेलमुळे असतो. एका वेळी एक बाजू, तीसुद्धा फक्त सैल करायची, रबराची कड ओढून काढायची.

सागरवेळ

माझ्या मामींच्या फ्रिजचं रबर असंच कडक झालं होतं. गरम पाण्याने शेकून व्हॅसलीन चोळलं, मऊ झालं, अजून चाललंय. तुम्हीही आधी तेच करून बघा. फुकटात होतं.

भोसरीकर

मी रबर प्रोफाइलच्या कारखान्यात आहे, गाड्यांच्या दारांची रबरं काढतो. वर सांगितलेला व्हॅसलीनचा उपाय मामींच्या फ्रिजला चालला, कारण आजच्या फ्रिजचं चुंबकी रबर हे मुळात मऊ केलेलं पीव्हीसी असतं. १९६९ चं रबर बहुतेक नैसर्गिक रबराचं असणार. त्याला पेट्रोलियमचं काहीही लावलं की ते फुगतं, लिबलिबीत होतं आणि लवकर फाटतं. भुकटी निघतेय म्हणजे त्यात जीव उरलेला नाही. हवेतला ओझोन आणि पन्नास वर्षांचे तुपातेलाचे हात, दोन्ही नैसर्गिक रबराचे वैरी आहेत.

बदली म्हणून कृत्रिम रबराचे दोन पर्याय विचारात घ्या. ईपीडीएम ओझोनला आणि थंडीला दाद देत नाही, वर्षानुवर्षं लवचीक राहतं, पण तेलाशी त्याचं जमत नाही. निओप्रीन तेल बऱ्यापैकी सोसतं, ओझोनही सोसतं. घरच्या फ्रिजला मी ईपीडीएम घेईन आणि महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने पुसायला सांगेन. सिलिकॉनचा मोह होईल, पांढरं मिळतं, दिसायला छान असतं. पण जरा चीर गेली की ते सरसर फाटत जातं, आणि स्क्रूखाली दाबायच्या कडेला तर नकोच.

दुकानात “फ्रिजचं रबर” म्हणू नका, लगेच चुंबकवालं पुढे करतील. “बल्ब प्रोफाइल, चपट्या पट्टीसकट” असं मागा. एका अंगाला पोकळ नळी आणि दुसऱ्या अंगाला स्क्रूखाली जाणारी जीभ, असा त्याचा छेद असतो. बस-ट्रकच्या दारांना, विजेच्या पॅनेलच्या दारांना हेच लागतं. पुण्यात बोहरी आळीत रबराच्या मालाची दुकानं आहेत, तिथे फुटावर कापून देतात. जुन्या रबराचा बोटभर तुकडा ब्लेडने सरळ आडवा कापून सोबत न्या. बाहेरून दाखवू नका, कापलेलं तोंड दाखवा. पत्र्याची क्लिप आत घातलेलं गाडीचं बीडिंग देऊ लागले तर घेऊ नका, ते पत्र्याच्या कडेवर चढवायचं असतं, स्क्रूखाली बसत नाही.

आणि एक काळजी घ्या. नव्या काळ्या रबराला वास असतो. लोणी, साय, दूध तो वास लगेच ओढून घेतात. आणल्यावर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि आठ-दहा दिवस वाऱ्यावर टांगून ठेवा. घाई करू नका.

न्यू जर्सीहून

घाटावरची ताई, एक सुरक्षेची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. असे कडीचे फ्रिज आतून उघडत नाहीत. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपाछपी खेळताना मुलं अडकून गुदमरली, आणि १९५६ साली इथे कायदा करावा लागला की दार आतून ढकलून उघडलंच पाहिजे. त्यानंतर इथे कडी गेली, चुंबकाची दारं आली. तुमच्याकडे सुट्टीत लहान मुलं येत असतील तर आतल्या जाळ्या कधीही काढून ठेवू नका. आणि उद्या कधी फ्रिज घराबाहेर काढलाच तर त्याआधी दार बिजागरीपासून सुटं करा.

घाटावरची

सगळ्यांचे आभार. इन्सुलिन शेजारच्या काकूंकडे ठेवली. पेल्यातला थर्मामीटर सकाळी ११ अंश दाखवत होता. म्हणजे गेले कित्येक दिवस आई कसली इन्सुलिन घेत होती कोण जाणे. आमच्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ती पेटी बाद करून नवी लिहून दिली.

कणकेचे गोळे केले. आईला आधी कळेना मी पोळ्या सोडून काय करतेय, मग तीच शेजारी बसून प्लॅस्टिक गुंडाळून देऊ लागली. आकडे मिलिमीटरमध्ये : वर हँडलकडचा कोपरा ११, वर मध्ये ११, वर बिजागरीकडे १०. हँडलच्या बाजूला मध्ये १२. बिजागरीच्या बाजूला मध्ये ११. खाली बिजागरीकडे ११, खाली मध्ये १३, आणि खाली हँडलकडचा कोपरा १६. दोनदा मोजलं, तेच आले. आता रबर ११ च्या हिशेबाने घ्यायचं की १६ च्या?

जुन्या रबराची उंची जिथे बरी आहे तिथे १४-१५ भरते.

मिरजेचा मिस्त्री

दोन्ही हिशेबांनी नाही. ११ ला जुळणारं घेतलंत तर खालचा कोपरा उघडा राहील, १६ चं घेतलंत तर वर कडी लागणार नाही. सात आकडे जवळजवळ एक आणि एकच कोपरा बाहेर, याचा अर्थ तुमच्या दाराला पीळ पडलाय. त्या कारागिराने सगळे स्क्रू एकदम काढले तेव्हा पॅनेलची पकड सुटली आणि दार वाकडं असतानाच त्याने परत आवळलं. त्याचं चुंबकाचं रबर खाली का चिकटलं नाही, त्याचंही उत्तर यातच आहे.

आधी पीळ काढा, मग रबर. याला तीन माणसं लागतात. दार पूर्ण उघडा. आतल्या पॅनेलचे सगळे स्क्रू एकेक फेरा सैल करा, काढू नका. एकाने वरचा हँडलकडचा कोपरा बाहेरून घट्ट धरायचा. दुसऱ्याने खालचा कोपरा फ्रिजच्या दिशेने दाबायचा, सरळ दिसतो त्यापेक्षा थोडा जास्तच, कारण सोडल्यावर तो जरासा परत येतो. तसाच धरून ठेवलेला असताना तिसऱ्याने स्क्रू आवळायचे, समोरासमोरचे, एकाच बाजूने ओळीने नाही. मग परत कणीक. एका खेपेत होणार नाही, दोन-तीन लागतील.

पॅनेल सैल असताना फटीतून आत नजर टाका. त्या काळच्या दारांत फोम नसायचा, ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) भरलेलं असायचं. खाली ओलं लागलं तर पॅनेल तसंच मागे टेकवून पंख्यासमोर दोन दिवस वाळू द्या. ओलं ग्लासवूल थंडी अडवत नाही. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, नाहीतर अंगाला कुसळं टोचल्यासारखं होतं. आणि दारात दिव्याच्या किंवा कसल्या वायरी दिसल्या तर त्यांचं आवरण तडकलंय का तेही बघून घ्या. घराचं अर्थिंग तपासलं नसेल तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा. पत्र्याचं अंग, जुनी वायर आणि खाली पाणी, हे तिन्ही एकत्र नको.

घाटावरची

झालं! तीन आठवडे लागले, म्हणून उशिरा लिहितेय.

ग्लासवूल खालच्या वीतभर भागात ओलंच होतं. दोन दिवस पंख्यासमोर आणि एक दिवस उन्हात असं वाळवलं. पीळ काढायला रविवारी भाऊ आला. त्याने वरचा कोपरा धरला, मी खालचा, आणि काकूंचा नातू स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला. पहिल्या खेपेला १६ चे १४ झाले. दुसऱ्या खेपेला भाऊ म्हणाला, आता पत्रा मोडेल. मी म्हटलं, दाब. १२ वर आलं. तिथे थांबलो.

बोहरी आळीत तिसऱ्या दुकानात माल मिळाला. पहिल्या दोघांनी तुकडा हातात न घेताच नाही म्हटलं. तिसऱ्या म्हाताऱ्या शेठनी चष्मा लावून कापलेलं तोंड पाहिलं, आत गेले आणि तीन वेटोळी घेऊन आले. त्यातलं एक १५ मिलिमीटर उंचीचं ईपीडीएम, जीभही जुन्याएवढीच रुंद. दाराचा घेर साडेअकरा फूट भरतो, मी तेरा फूट घेतलं. ५२० रुपये झाले. माझ्या दाराचे कोपरे गोल आहेत त्यामुळे चार तुकडे जोडायची गरज नव्हती, अखंड रबर वळवता आलं. पण वळणावर नळी दबून चपटी व्हायची, चिमटीत धरल्यासारखी. त्यावर उपाय काकूंच्या नातवाने काढला. घरी सलाइनची न वापरलेली नळी होती, तिचे चार-चार इंचांचे तुकडे रबराच्या पोकळीत प्रत्येक वळणावर सरकवले. वळण गोल राहिलं.

भोसरीकर, तुमचं ऐकून दहा दिवस रबर गच्चीवरच्या दोरीवर होतं. अजून नाक लावलं तर किंचित वास येतो, पण वाटीभर सायीला रात्रभरात लागला नाही, मुद्दाम ठेवून पाहिली.

बसवताना एकेक बाजू केली. जीभ स्क्रूखाली सरकवायची, स्क्रू हलकेच टेकवायचे, चारी बाजू झाल्यावर दार लावून बघायचं आणि मग आवळायचं. जोड वरच्या बाजूला घेतला. थंड हवा जड असते, ती खालून गळते, म्हणून खाली नको असं मीच ठरवलं. चुकलं असेल तर सांगा. दोन टोकं सरळ कापून फेविक्विकने चिकटवली. पहिल्यांदा दार लावलं तेव्हा कडी लागेना. घाबरले. मग लक्षात आलं, बिजागरीच्या बाजूला रबर दाबलं जाण्याऐवजी दुमडून आत वळत होतं. तिथे साधी टाल्कम पावडर चोळली, चार-पाच वेळा उघडझाप केली, ते आपोआप सरळ बसलं.

दहाची नोट चारी बाजूंनी सोळा ठिकाणी अडकवून ओढून पाहिली. चौदा ठिकाणी ओढ लागते. खाली हँडलकडच्या कोपऱ्यात अजून जरा सैल आहे, पण नोट आपण होऊन पडत नाही. रात्री आत बॅटरी पेटवून ठेवून, खोलीत अंधार करून पाहिलं. उजेडाची रेघ कुठेही नाही.

पेल्यातला थर्मामीटर पहिल्या सकाळी ६, दुसऱ्या सकाळी ५, तेव्हापासून ५ वर आहे. कॉम्प्रेसर बारा-तेरा मिनिटं चालतो आणि वीस-बावीस मिनिटं गप्प असतो. पहिल्यांदा थांबला तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. लाइट गेले का, म्हणून विचारायला. कित्येक महिन्यांत घर इतकं शांत झालं नव्हतं.

कायद्याबद्दल लिहिलंत ते मला ठाऊक नव्हतं. आम्ही भावंडं लहानपणी त्या दाराशी किती खेळायचो ते आठवून अंगावर काटा आला. जाळ्या आता तारेने बांधून टाकल्यात, आणि फ्रिज कधी काढायची वेळ आलीच तर आधी दार सुटं करायचं हे भावाला आणि त्याच्या मुलांना सांगून ठेवलंय.

मिरजेचा मिस्त्री

जोड वर घेतलात ते बरोबर. सैल कोपऱ्यासाठी परत पीळ काढू नका, पत्रा थकतो. फ्रिजच्या अंगावर, कडी जिथे अडकते त्या पट्टीचे दोन स्क्रू बघा. बहुतेक त्यांची भोकं लांबट असतात. सैल करून पट्टी एखादा मिलिमीटर आत सरकवा. दार तेवढंच जास्त दबेल. महिनाभराने करा, तोवर रबर आपली जागा धरेल. पावडर दर दोन महिन्यांनी, पण आधी पुसून मग.

घाटावरची

भोकं लांबटच आहेत, आत्ता बघून आले. पुढच्या महिन्यात सरकवते.

इन्सुलिनची नवी पेटी अजून काकूंकडेच आहे. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायचा असं ठरवलंय, आज नववा दिवस. नोंद आईच ठेवते. वरच्या फळीवर उजवीकडची जागा तिने पुसून ठेवलीय.